आभाळातून पडेल ते

माझं पहिलं हूप हाऊस एकूण एकोणीस दिवस जगलं. विसाव्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, तर परसात एक पांढरी म्हैस पाय मुडपून बसल्यासारखी दिसली. त्या म्हशीच्या पोटाखाली माझी मेथी होती.

हूप हाऊस म्हणजे काय हे आधी सांगायला हवं, कारण अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ते समजावण्यात माझे तीन व्हिडिओ कॉल खर्ची पडले आहेत. ओळीने कमानी उभ्या करायच्या, त्यांच्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणायचं, दोन्ही टोकांना भिंत आणि एका भिंतीत दार. आत शेगडी नाही, हीटर नाही, विजेचं बिल नाही. ऊन आत येतं, वारा बाहेर राहतो आणि बाहेर सगळं गोठलेलं असताना आत भाजी जगते. अण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे बैलगाडीचा टपच की. बैल कुठायत?"

बैल कोण, ते पुढे कळलंच.

आम्ही न्यूयॉर्कला राहतो असं सांगितलं की गावाकडच्या लोकांना उंच इमारती दिसतात. त्या इमारतींपासून आम्ही मोटारीने चार-साडेचार तास लांब, त्याच राज्यातल्या सिरॅक्यूज गावी असतो. आमच्याकडे उंच म्हणजे रस्त्याकडेचे बर्फाचे ढिगारे. गावाच्या वरच्या अंगाला ऑन्टॅरिओ नावाचं सरोवर आहे, जास्तीत जास्त २४४ मीटर खोल. एवढं खोल पाणी हिवाळ्यात सहसा पुरतं गोठत नाही. कॅनडाकडून येणारा गारठलेला वारा त्यावरून जाताना वाफ उचलतो आणि जमिनीवर आला की तिचा बर्फ करून आमच्या अंगणात ओततो. पलीकडच्या बफेलोकरांचं ईरी सरोवर उथळ आहे, ते कडाक्याच्या थंडीत स्वतःवर झाकण घालून गप्प बसतं. आमचं सरोवर दुकान बंदच करत नाही. वर्षाकाठी सरासरी दहा फुटांच्या आसपास बर्फ पडतो. उत्तर न्यूयॉर्कमधल्या शहरांत सर्वांत जास्त बर्फ कोणाकडे पडला याची चक्क स्पर्धा असते आणि जिंकणाऱ्या गावाला 'गोल्डन स्नोबॉल' मिळतो. आमचं गाव ते बक्षीस बऱ्याचदा घरचं असल्यासारखं घेऊन येतं.

या गावाच्या नगरपरिषदेने १९९२ च्या मार्चमध्ये एकमताने ठराव केला होता की येत्या २४ डिसेंबरपर्यंत शहरात आणखी बर्फ पडणं बेकायदेशीर समजलं जाईल. दोनच दिवसांत बर्फ पडला. पुढच्याच हिवाळ्यात, म्हणजे १९९२-९३ मध्ये, १९२.१ इंच पडला, सोळा फूट. तो आजही गावाचा उच्चांक आहे. ठरावाला अनुमोदन देणाऱ्यांनी तो हिवाळा कसा काढला असेल, असं मला प्रत्येक नोव्हेंबरात वाटतं.

तर अशा गावात मी परसात प्लास्टिकचं घर बांधायला घेतलं. व्हिडिओत एक हसतमुख माणूस सांगत होता, की हे काम एका शनिवार-रविवारात आणि दोनशे डॉलरमध्ये होतं. त्याच्या मागे खजुराची झाडं होती, हे मला नंतर दिसलं. मी पीव्हीसीचे वीस-वीस फुटांचे पाइप आणले, जमिनीत सळ्या ठोकल्या, पाइपाचं एक टोक या सळीवर, दुसरं पलीकडच्या सळीवर अडकवलं. छान गोल कमानी झाल्या. वरती गावच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं ते बांधकामाचं प्लास्टिक. बायको म्हणाली, "वरून जरा सपाट नाही वाटत?" मी म्हणालो, "सपाटच चांगलं."

हे 'सपाटच चांगलं' कुठून आलं, ते त्या दिवशी मला कळलं नव्हतं. आता कळतं. मी माण तालुक्यातला. सह्याद्रीने पाऊस अडवून ठेवल्यावर जे उरतं ते आमच्या वाट्याला येतं, वर्षाला पाचशे मिलिमीटर झाला तर लोक एकमेकांचं अभिनंदन करतात. आमची घरं माळवदाची. सपाट धाबं, वर माती. उन्हाळ्यात झोपायला वर, धान्य वाळवायला वर, वरातीत नवरा बघायलाही वर. पावसाचा थेंब पडलाच तर तो पन्हळीतून खाली येतो आणि पन्हळीखाली हंडा ठेवलेलाच असतो. आमच्या बाजूच्या माणसाला लहानपणापासून एकच शिकवण असते, आभाळातून पडेल ते धरून ठेवायचं.

बायकोचं माहेर दापोलीचं. तिकडे साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस. तिकडचं कौलारू छप्पर बघितलंत तर ते डोक्यावरून घसरायला आल्यासारखं तिरकं असतं. पडणाऱ्या थेंबाला तिथे क्षणभरही बूड टेकू देत नाहीत. पावसाळ्याआधी शाकारणी करायची, कौलं नीट लावायची, आणि मग चार महिने जे पडेल ते अंगणात, अंगणातून पऱ्ह्यात, पऱ्ह्यातून खाडीत. थोडक्यात, आमच्या लग्नात माळवद आणि कौलं एका मांडवाखाली आली होती, पण त्यांचं भांडण व्हायला सिरॅक्यूजचा बर्फ पडावा लागला.

पांढरी म्हैस खाली बसली त्या दिवशी बायकोने, जी पेशाने हिशेबनीस आहे, रीतसर पंचनामा केला. बारा फूट रुंद आणि वीस फूट लांब, म्हणजे २४० चौरस फूट जागा. कोरडा भुसभुशीत बर्फ फूटभर साचला तर चौरस फुटाला साधारण दोन किलो, ते एक वेळ चालतं. पण बर्फ पडता पडता पाऊस झाला, किंवा ऊन पडून तो ओला झाला आणि पुन्हा गोठला, की तोच फूटभर थर चौरस फुटाला सात किलोवर जातो. तिने कागदावर गुणाकार करून खाली दोन रेघा मारल्या. १,६८० किलो. "एक मारुती ८०० साडेसहाशे किलोची," ती म्हणाली. "तू नळाच्या पाइपांवर अडीच मारुती उभ्या केल्या होत्यास."

मी म्हणालो, अर्धी मारुती कशी उभी करणार? पण वातावरण विनोदाचं नव्हतं.

पंचनाम्यात आणखीही गोष्टी निघाल्या. थंडीत पीव्हीसी ठिसूळ होतं; उन्हाळ्यात रबरासारखा वाकणारा पाइप उणे दहाला मटकन मोडतो. शिवाय पीव्हीसीला जिथे प्लास्टिक टेकतं, तिथे ते प्लास्टिक लवकर कुजतं. आणि मी आणलेलं बांधकामाचं प्लास्टिक तर सूर्यप्रकाशाने एका मोसमात पापडासारखं होणारं होतं. म्हणजे बर्फ पडला नसता तरी ते घर उन्हाने मेलं असतं. हे ऐकून मला, का कोण जाणे, बरं वाटलं. अण्णांना वाईट बातमी दिली तेव्हा त्यांनी महापुरातल्या लव्हाळ्याचा दाखला दिला. मी म्हणालो, "अण्णा, लव्हाळंच केलं होतं. लव्हाळ्यावर बर्फ पडला की तो लव्हाळ्यासकट बसतो."

पण पंचनाम्याचं शेवटचं वाक्य बायकोने तोंडी सांगितलं. "अरे, आभाळातून पडेल ते धरायला बघतोस तू. ते घालवायचं असतं."

दुसऱ्या वर्षीचं घर मग दापोलीच्या देखरेखीखाली झालं. आकार गोल नाही, टोकदार. चर्चच्या खिडकीसारखी, वर निमुळती होत जाणारी कमान. इथले शेतकरी तिला गॉथिक कमान म्हणतात. अर्धगोलाच्या डोक्यावर एक सपाट टक्कल असतं, बर्फ आधी तिथे ठाण मांडतो. टोकदार कमानीला टक्कलच नसतं. अर्धगोलाचे नमुने युद्धातून आले. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, इंग्रजांनी सैनिकांसाठी पन्हळी पत्र्याच्या निसेन झोपड्या काढल्या. दुसऱ्यात, १९४१ मध्ये, अमेरिकेच्या नौदलाने ऱ्होड आयलंडच्या क्वोन्सेट पॉइंटवर त्यांचीच सुधारित आवृत्ती काढली. त्यांना घाईत, कुठेही, कोणाकडूनही उभं करता येणारं छप्पर हवं होतं. मला घाई नव्हती. शिवाय माझ्या बाजूने कोणी लढतही नव्हतं.

पाइप आता लोखंडाचे, गॅल्वनाइझ केलेले, जाळीच्या कुंपणाच्या वरच्या कडेला लावतात ते. ते वाकवायचं यंत्र समोरच्या आजोबांकडे होतं. आजोबा म्हणजे आमचे शेजारी, निवृत्त दूधवाले शेतकरी, वय अठ्ठ्याहत्तर, दिवसाला सरासरी सात शब्द बोलतात. यंत्र म्हणजे एक वाकडी लोखंडी पट्टी, ती टेबलाला पक्की बोल्ट करायची, पाइप तिच्यात घालायचा आणि वीतभर पुढे सरकवत, ओढत, परत सरकवत वाकवत जायचं. ऐकायला सोपं आहे. पहिला पाइप मी जोरात ओढला तेव्हा तो मध्येच चेपला आणि त्याला कोपर आलं. दुसऱ्यालाही आलं. तिसऱ्याचा आकार छत्रीच्या मुठीसारखा झाला. आजोबांनी आपल्या दिवसाच्या कोट्यातले दोन शब्द खर्च केले, "थोडं थोडं." चौथ्यापासून जमलं. दोन-दोन तुकडे वर टोकाशी जोडून सहा कमानी झाल्या, चार-चार फुटांवर एक. फुकट गेलेल्या तीन पाइपांवर आजही आमचे टॉवेल वाळतात. पाहुणे त्याला मॉडर्न आर्ट समजतात.

कमानींच्या टोकातून घराच्या लांबीभर जो पाइप जातो त्याला इथे रिज म्हणतात. बायको म्हणाली, "हे आढं." मग कमानी झाल्या वासे. आजोबांना 'आढं' हा शब्द इतका आवडला की ते आता स्वतःच्या गोठ्याच्या वरच्या तुळईलाही 'आडा' म्हणतात. चारही कोपऱ्यांत तिरके आधार दिले. हे तिरके आधार फार महत्त्वाचे, त्यांच्याशिवाय सगळ्या कमानी पत्त्यांच्या डावासारख्या एका बाजूला कलंडतात. परवानगीचं विचारायला एका कचेरीत गेलो, तर खिडकीमागच्या बाईंनी विचारलं, बांधकाम कायमस्वरूपी की तात्पुरतं? मी म्हणालो, तोच प्रश्न आहे.

प्लास्टिकही यावेळी हरितगृहाचं, उन्हाला दाद न देणारं, चार वर्षांच्या बोलीचं. जाडी ०.१५ मिलिमीटर. काचेऐवजी प्लास्टिक वापरायची ही कल्पना केंटकी विद्यापीठातले प्राध्यापक एमर्ट यांची म्हणतात. १९४८ मध्ये त्यांना काचघर परवडत नव्हतं, म्हणून त्यांनी लाकडी सांगाड्यावर सेलोफेन ताणलं, मिठाईच्या खोक्यावर असतो तो चकचकीत कागद. पुढे त्याची जागा पॉलिथिनने घेतली आणि आज जगभर जिकडेतिकडे जी प्लास्टिकची हरितगृहं दिसतात ती त्या ओढगस्तीची लेकरं. काटकसरीतून इतका मोठा शोध लागला, हे वाचून मला आपला माणूस भेटल्यासारखं झालं.

हिवाळा आला. बर्फ पडला, कमानीवर क्षणभर बसला, आणि सर्रकन घसरून खाली गेला. मी खिडकीत उभा राहून टाळ्या वाजवल्या. डिसेंबर गेला, जानेवारी गेला, फेब्रुवारीत तर मी आजोबांना सल्ले द्यायला लागलो होतो.

मार्चमध्ये वारा आला.

बर्फ आणि वारा यांचं एकमेकांशी पटत नाही. बर्फ वरून बसतो, वारा खालून उचलतो. बर्फासाठी घर उंच, निमुळतं हवं. वाऱ्यासाठी बसकं, जमिनीला धरून असलेलं. एका कार्यात दोन्हीकडच्या विहिणींचा मान राखायचा तशातली गत. त्यातून वाऱ्याचा हिशेब सरळ नसतो. त्याचा वेग दुप्पट झाला की रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. कमानीवरून जाणारा वारा विमानाच्या पंखावरून जावा तसा जातो, वरचा दाब कमी होतो, आणि घराला आपल्याला पंख असल्याचा साक्षात्कार होतो. अमेरिकेत जोराचं वादळ झालं की लोकांच्या परसातले ट्रॅम्पोलीन दुसऱ्यांच्या परसात सापडतात. ट्रॅम्पोलीनला तर भिंतीही नसतात.

त्या रात्री मी दार नीट लावलं नव्हतं. हे मी लिहितोय म्हणून कबूल करतो, घरात अजून कबूल केलेलं नाही. फटीतून वारा आत गेला, वरून दुसरा वारा ओढतच होता. पहाटे चारला शिडात हवा भरल्यासारखा 'फट्' असा एकच आवाज झाला. सकाळी सहा वासे आणि एक आढं जागच्या जागी होतं. प्लास्टिक नव्हतं. ते समोरच्या आजोबांच्या स्प्रूसच्या शेंड्यावर होतं, आणि झाडाने पांढरी साडी नेसल्यासारखं दिसत होतं. आजोबा अंगणात कॉफीचा मग घेऊन उभे होते. मी गेल्यावर म्हणाले, "तुमचंय?"

यावेळी फोन दापोलीला गेला. सासऱ्यांना वाऱ्याचं कळतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा दापोलीतल्या कितीतरी घरांवरचे पत्रे माडांच्या डोक्यावरून गेले. त्यांच्या पडवीचे पत्रे तिसऱ्या वाडीत मिळाले. ते म्हणाले, "जावईबापू, एक लक्षात ठेवा. छप्पर वाऱ्यानं पडत नाही, उडतं. तुम्ही ते खालून उचलून धरलंयत. तुम्ही ते वरून बांधा." मग त्यांनी पत्र्याच्या हुकांवर सव्वा तास मार्गदर्शन केलं. त्यातला अर्धा तास कंत्राटदाराला शिव्या होत्या, पण उरलेल्या पाऊण तासाचं मोल मी पैशांत करू शकत नाही.

तिसरं घर त्या पाऊण तासावर उभं आहे. चारही कोपऱ्यांना, आणि मध्येही दोन्हीकडे, जमिनीत मळसूत्रासारखे पिळून घालायचे लोखंडी नांगर. ते फिरवताना माझी जी अवस्था झाली ती पाहून आजोबांनी न बोलता एक लांब पहार आणून दिली. प्लास्टिक आता खिळ्यांनी ठोकलेलं नाही. कडेने ॲल्युमिनियमची पन्हळ, तिच्यात प्लास्टिक घालायचं आणि वरून नागमोडी स्प्रिंगची तार दाबत दाबत बसवत जायचं. ती तार एकदा बसली की वारा प्लास्टिकला फडफडू देत नाही, आणि फडफड हाच प्लास्टिकचा खरा रोग. घट्ट ताणलेलं प्लास्टिक ढोलकीसारखं वाजलं पाहिजे. दरवर्षी ऑक्टोबरात आम्ही सगळे मिळून तारा काढून प्लास्टिक पुन्हा ताणतो. बायको याला शाकारणी म्हणते. शाकारणीला चहा आणि भजी लागतात, हाही नियम दापोलीहून आलाय.

एवढं झाल्यावर अण्णांनी विचारलं, "बरं, आत लावलंस काय?"

इथे मला पुन्हा एकदा शाळेत जावं लागलं. दुसऱ्या वर्षीही मी ऑक्टोबरच्या शेवटी मेथी पेरली होती. माणात पेरायची ती तशीच. ती उगवली, दोन पानं काढली आणि थांबली. मेली नाही, वाढली नाही, सरकारी फायलीसारखी होती तिथेच राहिली. कारण थंडी नव्हे, उजेड. मेन राज्यातले एलियट कोलमन नावाचे शेतकरी चाळीसहून जास्त वर्षं ही हिवाळी शेती करतात आणि त्यावर लिहितात. त्यांचं सांगणं असं, की दिवस दहा तासांपेक्षा लहान झाला की भाजीची वाढ जवळजवळ बंद पडते. या दिवसांना त्यांनी पर्सेफनीचं नाव दिलंय. पर्सेफनी ही ग्रीकांची पाताळात पळवून नेलेली मुलगी. ती तिकडे असते तोवर तिच्या आईला, धान्याच्या देवीला, काही उगवायची इच्छाच होत नाही. सिरॅक्यूजमध्ये हे दिवस नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. आमच्या माणात वर्षातला सर्वांत लहान दिवसही अकरा तासांचा असतो. आमच्याकडच्या कुठल्याच देवीची मुलगी इतके दिवस माहेराबाहेर राहत नाही, त्यामुळे मला हे कोणी सांगायचा प्रश्नच नव्हता.

तेव्हा भाजी वाढवायची ती ऑगस्ट-सप्टेंबरात, आणि हिवाळ्यात ती फक्त खायची. हूप हाऊस म्हणजे हिवाळ्याचं शेत नव्हे, ते जमिनीत मुळं असलेलं फडताळ आहे. हे कळायला मला दोन वर्षं लागली. मेथी मात्र एका उणे अठराच्या रात्री मान टाकून बसली. कढीपत्त्याने तर दारातूनच परत जायचं ठरवलं, तो आता दिवाणखान्यात टीव्हीशेजारी असतो. कोथिंबीर टिकली, तिच्यावर आतल्या आत आणखी एक पातळ कापडाची गोधडी घातली होती. आणि पालक! पालकाला थंडी पडली की तो अंगात साखर साठवतो, म्हणजे पेशीतलं पाणी गोठत नाही. जानेवारीतला पालक पेढ्यासारखा लागतो. हे मी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "पालक? एवढं सगळं करून पालक?" आणि फोन आईकडे दिला.

अण्णांनी दुपारचं दृश्य पाहिलं असतं तर त्यांचं मत बदललं असतं. जानेवारीतला एखादा निरभ्र दिवस, बाहेर उणे आठ, झाडांच्या फांद्यांवर काच चढलेली, आणि आत वीस-बावीस. मी आत घडीची खुर्ची टाकून बनियनवर बसतो. हातात चहा, पायाशी ओली माती. मातीचा वास जानेवारीत येणं ही काय चीज आहे हे सहा महिने बर्फाखाली असलेल्या माणसालाच कळेल. आजोबा एकदा असेच येऊन शेजारच्या पालथ्या बादलीवर बसले. तासाभराने म्हणाले, "छान आहे." तो मी त्यांचा त्या महिन्याचा वृत्तांत समजतो.

गेल्या संक्रांतीला बायकोने हळदीकुंकू तिथे केलं. गावात मराठी घरं बऱ्यापैकी आहेत, आणि दिवाणखान्यातल्या हळदीकुंकवाचा सगळ्यांनाच कंटाळा आला होता. दारात बुटांवरचा बर्फ झटकून, जाड कोट आढ्याला टांगून, अकरा काळ्या साड्या पालकाच्या दोन वाफ्यांमधल्या दीड फूट वाटेत उभ्या राहिल्या. कोटांच्या वजनाने आढं वाकतं की काय, या चिंतेत मी बाहेरून बघत होतो. बर्फाचा हिशेब मी केला होता, कोटांचा नव्हता. वाण म्हणून कोथिंबिरीची जुडी. उखाण्यांना सुरुवात झाली आणि अकरा जणींच्या श्वासाने आतलं प्लास्टिक इतकं घामेजलं, की आढ्यावरून टपटप थेंब पडायला लागले. एक थेंब बरोबर तिळगुळाच्या ताटात. बायकोने वर बघितलं आणि म्हणाली, "आतूनही उतार लागतो बघ."

पण रात्रीचं दृश्य वेगळं असतं. मोठा ओला बर्फ पडणार असेल तर उतार असूनही भरवसा ठेवायचा नाही. प्लास्टिक गोठलेलं असलं की बर्फ त्याला चिकटून बसतो, आणि एका बाजूला जास्त साचला की कमान दुसऱ्या बाजूला ढकलली जाते. म्हणून दर दोन कमानींआड आढ्याखाली लाकडी टेकू देऊन ठेवायचे. मग मध्यरात्री आत जाऊन प्लास्टिक आतून ठोकायचं, हलकेच, म्हणजे बर्फ बाहेरून सुटतो. फावडं वापरायचं नाही, प्लास्टिक फाटतं. आम्ही लांब दांड्याच्या झाडूला आईने दिलेल्या जुन्या गोधडीचा तुकडा गुंडाळलाय. आईला हे सांगितलेलं नाही. आणि घसरलेला बर्फ जातो कुठे, हेही कोणी आधी सांगत नाही. तो दोन्ही बाजूंना साचतो, उंच होतो, आणि बाजूने भिंतीला दाबतो. वरच्या पाहुण्याला घालवलं तर तो ओटीवर मुक्काम करतो. तोही फावड्याने दूर लोटावा लागतो, रात्री दोनला, टोपी कानांवर ओढून.

शेवटचा उपाय सुरीचा. सांगाडाच वाचत नाही असं दिसलं तर प्लास्टिक सरळ कापून टाकायचं, बर्फ आत पडू द्यायचा. प्लास्टिक गेलं तर नवीन येतं, कमानी मोडल्या तर पुन्हा आजोबांकडे जावं लागतं. अशाच एका रात्री मी आतून झाडू मारत होतो आणि बायको खिडकीत कांदा कापायची सुरी घेऊन उभी होती. तिचा चेहरा पाहून मला प्लास्टिकपेक्षा माझीच काळजी वाटली. सुरी वापरायची वेळ आली नाही. कमान एकदा करकरली, मी झाडूने आढ्याजवळ जोरात एक ढुशी दिली, आणि वरचा सगळा थर धडाधड खाली गेला. मी आत नाचलो. मग बाहेर यायला दार ढकललं.

दार हललं नाही. वाऱ्याने टोकाच्या भिंतीशी कमरेएवढा बर्फ आणून ठेवला होता आणि मी दार बाहेर उघडणारं लावलं होतं. माणात सगळ्यांची दारं कशी उघडतात ते मला आता आठवत नाही, तिथे दारापुढे आडवं येतं ते फक्त कुत्रं. फोन घरात राहिलेला. मी हाका मारल्या, प्लास्टिकवर झाडू आपटला. खिडकीतून बायकोने सुरी हलवली. तिला वाटलं मी जिंकल्याचा आनंद साजरा करतोय. पाऊण तासाने आजोबांच्या अंगणातला दिवा लागला आणि ते फावडं घेऊन आले. दार मोकळं करून आत डोकावले, पालकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी ते एकही शब्द बोलले नाहीत. सकाळी मात्र येऊन त्यांनी स्वतःच्या हाताने बिजागऱ्या काढल्या आणि उलट्या लावून दिल्या.

तेव्हा हिवाळ्यात सिरॅक्यूजला आलात तर जरूर या. पालक तोडून देईन, चहा तिथेच घेऊ. दार आता आत उघडतं. ओढू नका, ढकला.